शीटमधली ओळ, आपोआप इमेज

प्रश्न : आमच्या ग्रुपचं दर आठवड्याचं वेळापत्रक गूगल शीटमध्ये असतं, मी स्क्रीनशॉट काढून, क्रॉप करून सगळ्यांना पाठवते. कोडिंग येत नाही. हे आपोआप होईल का?

उत्तर : होईल की! झॅपियर, मेक किंवा एनएटएन (n8n) ही कोडिंगशिवाय वेगवेगळी अ‍ॅप्स एकमेकांना जोडणारी टूल्स, यातलं कुठलंही एक घ्या, तिन्हीत कल्पना एकच, शीटमध्ये नवी ओळ आली की ट्रिगर (म्हणजे काम सुरू करणारी खूण) चालतो, मग त्या ओळीतला मजकूर टेम्प्लेटमध्ये भरला जातो आणि तयार इमेज ड्राइव्हमध्ये किंवा मेलवर जाते. टेम्प्लेटसाठी (म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेल्या तयार डिझाइनसाठी) बॅनरबेअर किंवा प्लॅसिड सारखी सर्व्हिस जोडायची. आख्खा आठवडा एकाच इमेजमध्ये हवा असेल तर तो एकाच ओळीत येईल असं एक वेगळं टॅब करा, सोपं पडतं.

आता खरी डोकेदुखी. तारखेच्या जागी ४५००० असला काहीतरी आकडा छापून आला तर घाबरू नका, शीट आतून तारीख म्हणजे दिवसांची मोजणी म्हणूनच ठेवतं (४५००० म्हणजे १५ मार्च २०२३), त्यामुळे शीटच्या टेक्स्ट (TEXT) फॉर्म्युल्याने आधीच तिचा मजकूर करून ठेवा. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर टेम्प्लेटचा फॉन्ट बदला, नोटो सान्स देवनागरी चालतो. आणि हो, इमेजची लिंक परत त्याच ओळीत लिहिणार असाल तर ट्रिगर ‘ओळ बदलली की’ असा ठेवू नका, नाहीतर लिंक पडली की ओळ बदलते, परत इमेज, परत लिंक... टूल महिन्यातून जितक्या वेळा चालवता येतं तो सगळा कोटा एका दुपारीत साफ! माझा झालाय.