दुधाचा खाडा आणि आसनांचा खाडा

“मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही. दर जानेवारीत योगासनं सुरू करते, फेब्रुवारीत चटई माळ्यावर. यंदा तर कमरेत उसणही भरली. पुन्हा सुरू करू की नादच सोडू?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या ताई ४६ वर्षांच्या, रोज रक्तदाबाची गोळी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) डोंबिवलीहून बावीस वर्षं सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईत चिकाटी नाही, हे मला पटेना. म्हटलं, सोडलं कसं ते सांगा.

पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलमधला फोटोच दाखवला. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. ज्या चौकोनात दुधाचा हिशेब, त्याच चौकोनात योगासनं चुकल्याची लाल फुली. सोसायटीच्या ग्रुपवर ठरलं होतं, रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार. त्याच्या तयारीला रोज बारा. एका आठवड्यात ऑफिसातल्या क्लोजिंगच्या गडबडीत चार दिवस हुकले. मग रविवारी ताईंनी चार दिवसांचे ४८ आणि त्या दिवसाचे १२, असे एकदम ६० घातले. एका नमस्कारात हस्तपादासन, म्हणजे उभ्याने कमरेतून वाकून हात पायांशी नेणं, दोनदा येतं. म्हणजे नवख्या कमरेने एका सकाळी १२० वेळा वाकायचं.

“दूधवाल्याचा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन लिटर पिता का?” मी विचारलं.

“छे! पैसे वजा करतो.”

“मग हा खाडा का भरून काढला?”

त्या हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. खाडा म्हणजे गुन्हा, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. तीन फुल्या पडल्या की कॅलेंडरकडे बघवत नाही, मग चटईकडेही.

मी योगशिक्षिका नाही, तरी म्हटलं, वाकून दाखवू नका, पण वाकता कशा ते सांगा. गुडघे ताठ, दात आवळलेले, श्वास कोंडलेला. व्हिडिओतली मुलगी जमिनीला तळवे टेकवते म्हणून. ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, त्यात प्रयास, म्हणजे अतिश्रम, आणि नियमाग्रह, म्हणजे नियमांचा हट्ट, या दोन्ही आहेत. (प्रजल्प, म्हणजे वायफळ बडबड, आणि जनसंग, म्हणजे लोकांत फार मिसळणं, हेही आहेत. सोसायटीचा ग्रुप आठवला.)

आधी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कळ पायात उतरत नव्हती, मुंग्या नव्हत्या, स्नायूच दुखावला होता. तशी कळ किंवा बधिरपणा असेल, तर आसनांचा विषय डॉक्टरांनी बघेपर्यंत बंद. रक्तदाबामुळे शीर्षासन-सर्वांगासनासारखी डोकं खाली, पाय वर अशी आसनं आणि कपालभाती यांनाही सध्या फाटा. दुखणं बसल्यावर त्या एका शिक्षिकेच्या लहान बॅचला जाऊ लागल्या. गुडघे किंचित वाकवून पुढे झुकायचं, वज्रासनात मांड्या-पोटऱ्यांच्या मध्ये उशी घ्यायची, श्वास अडखळला की आसन सोडायचं, हे सगळं तिथलं. ताण जाणवला तर ठीक, पण सुई टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं, हेही.

माझ्याकडचं काम वेगळं होतं. घरी रोज दहाच मिनिटं: ताडासन, मार्जारासन, जमेल तेवढं भुजंगासन, शेवटी शवासन. वेळ सकाळच्या चहाच्या आधीची, पोट रिकामं असतानाची. चटई माळ्यावर नाही, कपाटाच्या मागे उभी. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नुसती अंथरून दोन मिनिटं बसायचं, तेवढ्यालाही खूण. राहिलंच, तर चौकोन कोरा. लाल पेन मी त्यांच्याकडून मागूनच घेतलं. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

“एवढ्याने काय होणार?” यजमानांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात खरंच काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात नऊ चौकोन कोरे होते. विशेष हे, की सलग चार कोऱ्या दिवसांनंतर पाचव्या दिवशी खूण होती. दहा मिनिटांचीच. पूर्वी तिथेच चटई माळ्यावर जायची.

पुढच्या रथसप्तमीला ग्रुपवर पुन्हा १०८ ची हाक आली. संध्याकाळी ताईंचा फोन. शिक्षिकेला विचारून सावकाश चार घातले होते. “पाचवा घालावासा वाटत होता हो,” त्या म्हणाल्या, “पण गॅलरीत दूध उतू घालवायचं होतं.”