जुन्या लढाऊ विमानांचे रंग : वाचकांचे प्रश्न

फोटो पाठवतोय, रंग सांगा, अशी पत्रं सतत येतात. गोंधळ तोच असल्याने उत्तरं एकत्र देतो.

नॉर्मंडीच्या चढाईतल्या विमानांवरचे काळे-पांढरे पट्टे किती रुंद? मॉडेलवर टेप लावून काढले तर चालतील?

एका इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, दोन इंजिनांच्या विमानांवर २४. पण जून १९४४च्या सुरुवातीला हुकूम निघाला आणि बरीच विमानं घाईघाईने ब्रशने रंगवली गेली, त्यामुळे कडा वाकड्या असत. टेप लावण्याआधी तुमच्या विमानाचा त्याच दिवसांतला फोटो शोधा.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश राउंडेलमध्ये (विमानावरचं राष्ट्रीय ओळखीचं गोल चिन्ह) लाल का नाही?

जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून.

आमच्याकडच्या फोटोत स्पिटफायरच्या राउंडेलची बाहेरची कडा काळी आहे. ही दुर्मीळ आवृत्ती आहे म्हणतात.

कोण म्हणतं? कडा पिवळीच आहे. ऑर्थोक्रोमॅटिक या कृष्णधवल फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून त्या फिल्मवर पिवळा आणि लाल काळपट येतात, निळा फिका पडतो. तुमच्या फोटोत मधला लाल ठिपकाही काळा आहे का, बघा. संगणकाने रंग भरलेले फोटो मात्र कृपया पुरावा म्हणून पाठवू नका. तो अंदाज आहे.

दुकानदार म्हणतो, रंगाची ही डबी फेडरल स्टँडर्ड ५९५ या अमेरिकी सरकारी रंग-मानकाप्रमाणे, म्हणजे १९४४ची हुबेहूब छटा. घेऊ का?

ते मानक १९५६चं आहे. डबी जवळची असू शकेल, हुबेहूब म्हणणं ही विक्रीची युक्ती. घेण्याआधी मूळ नमुन्याशी ताडून पाहणाऱ्या जाणकाराला विचारा.

संग्रहालयासाठी जुनं विमान मिळालंय. उद्घाटन जवळ आल्याने सँडिंग सुरू केलंय. रंगयोजना सुचवाल?

आधी मशीन बंद करा. हे पत्र सँडिंगच्या आधी यायला हवं होतं. त्या पत्र्यावरचा रंग हाच तुमच्याकडचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, आणि खरवडला की तो परत मिळत नाही. बिजागरीच्या आड, झाकणाखाली, जिथे ऊन पोचलं नाही अशी नाण्याएवढी जागा निवडतात. ओल्या बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने घासलं की खोडाच्या वर्तुळांसारखे थर उघडतात: वर शेवटचा रंग, खाली आधीचा, त्याखाली कधी पुसलेल्या आकड्याची कड, तळाशी पिवळट-हिरवा प्रायमर, म्हणजे रंगाआधी धातूवर दिलेला पहिला थर. प्रत्येक थराचा फोटो रंगपट्टी शेजारी ठेवून घ्यायचा. उन्हात विटलेल्या वरच्या पृष्ठभागावरून छटा ठरवू नका.

दुसरं, तो प्रायमर बहुधा झिंक क्रोमेट आहे. त्यातल्या क्रोमियमची धूळ श्वासातून गेली तर कर्करोग होऊ शकतो. जुन्या रंगात शिसंही असतं. साधा रुमाल बांधून हे काम करत असाल तर आजच थांबवा. नमुने तपासून घ्या, धातू-रंगाच्या संवर्धकाला प्रत्यक्ष बोलवा. उद्घाटन पुढे ढकलता येतं.

दुसऱ्या संग्रहालयातल्या तशाच विमानाचा रंग प्रमाण मानू का?

नाही. ते किती वेळा पुन्हा रंगवलंय, हे आधी तिथल्या नोंदी ठेवणाऱ्यांना विचारा.