तिथला मंगळवार बघून ये

अगं,

'काका, आपण नुसतेच भटकलो' हा तुझा मेसेज रात्री वाचला आणि माझी झोप गेली. विद्यापीठ निवडायला म्हणून ओपन डेला, म्हणजे येऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ दाखवायच्या दिवशी, गेलीस तेव्हा तुला सगळं लख्ख कळलं होतं, माझ्याबरोबर तेच गाव पाहिलं आणि डोक्यात कालवाकालव झाली, असं म्हणतेस. झाली ते बरं झालं. ओपन डेला तुला जे कळलं, ते त्यांनी तुला दाखवायचं ठरवलेलं होतं. पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर बघून त्या घरात नांदणं कसं असेल ते कळतं का?

तुला तिथला मंगळवार बघायचा आहे. कुणी तुझी वाट बघत नाही, कुणी गळ्यात ओळखपत्र घालून हसत उभं नाही, असा मंगळवार. पुढची तीन-चार वर्षं तुझ्या वाट्याला हेच दिवस येणार आहेत.

आणि तो सत्र चालू असतानाचा हवा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला शिकवण्याची सत्रं वर्षाला तीन, प्रत्येकी आठ आठवड्यांची. म्हणजे पदवीच्या मुलांचे वर्ग जेमतेम २४ आठवडे. ऑगस्टमध्ये गेलीस तर पर्यटक दिसतील, विद्यापीठ नाही. शिवाय तिथे 'विद्यापीठ कुठे आहे?' असं विचारलंस तर नेमकं बोट दाखवायला कुणाला जमणार नाही, कारण कॉलेजं, विभाग आणि ग्रंथालयं गावभर पसरलेली आहेत. अशा गावात पायी भटकणं हाच विद्यापीठ बघायचा मार्ग. तू ज्याला 'नुसतं' म्हणतेस तो.

इमारती बघून दिपू नकोस. 'युनिव्हर्सिटास' या लॅटिन शब्दाचा अर्थ मुळात माणसांचा संघ असा होता. इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठाचं जन्मवर्ष परंपरेने १०८८ धरतात. तिथे परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनीच संघ बांधला, आणि मास्तर उशिरा आले तर त्यांना दंड व्हायचा! स्वतःच्या इमारती नव्हत्या, म्हणून बिनसलं की मंडळी उठून दुसरीकडे जायची. बोलोन्यातून बाहेर पडलेल्यांनी १२२२ मध्ये पादुआचं विद्यापीठ सुरू केलं. १२०९ मध्ये ऑक्सफर्ड सोडून आलेल्यांमुळे केंब्रिज उभं राहिलं. विषयांतर होतंय, पण माणसं बघ, एवढंच म्हणायचंय.

तू कंटाळून मोबाइल काढलास तेव्हा मी सूचना फलक वाचत होतो. एका विभागात गेल्या वर्षीच्या व्याख्यानाचा कागद अजून लटकत होता. शेजारच्या विभागात पोरांनी एकावर एक कागद डकवलेले: वाचनगट, जुनी सायकल विकणे आहे, खोलीत जोडीदार हवा. ते तुला दिसलं नाही, कारण तू क्रमवारीचा तक्ता उघडून बसली होतीस. क्यूएस ही संस्था जगभरच्या विद्यापीठांची जी क्रमवारी लावते, तिच्यात ३० टक्के गुण जगभरच्या अभ्यासकांच्या मतपाहणीला आहेत. त्यातल्या कितीजणांनी त्या गावात संध्याकाळी सातला शेवटची बस पकडली असेल?

मी पकडली आहे, म्हणून बोलतोय. मी विद्यापीठ निवडलं ते एका नावाजलेल्या प्राध्यापकांसाठी, माहितीपत्रकातला फोटो बघून. मी पोचलो त्या वर्षी ते दीर्घ रजेवर होते. ग्रंथालय पाचला बंद व्हायचं आणि शनिवार-रविवारी गाव ओस पडायचं. एक दिवस आधी जाऊन फिरलो असतो, दाराशी विचारलं असतं, तर कळलं असतं. त्याचं खापर मी बरीच वर्षं नशिबावर फोडलं.

दुसरी चूक जास्त लागते. मुलाला घेऊन असाच गेलो होतो. बरोबर मंगळवारी, बरोबर सत्रात. पण भेटेल त्याच्याशी मीच बोललो, प्रश्न मीच विचारले, आणि परतताना 'छान आहे ना?' हेसुद्धा मीच म्हणालो. तो वर्षभरात सोडून आला. विद्यापीठ चांगलंच होतं, हे मी आजही म्हणतो. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं, शिक्षक दार उघडं ठेवून बसणारे. माझी पारख चुकली नव्हती. फक्त तिथे राहायचं त्याला होतं.

म्हणून परवा मी तोंडाला कुलूप लावून चालत होतो, आणि तू समजलीस की काकांना काही सुचत नाहीये!

तर पुन्हा जा. राहण्याची खोली जिथे मिळण्यासारखी आहे तिथून विभागापर्यंत अंधार पडल्यावर चाल. मोठ्या वर्गात मागे बसायचं असेल तर शिक्षकांना आधी विचार. बहुतेक जण हो म्हणतात, नाही म्हणाले तर मुकाट निघ. बोलायचं दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी: पहिल्या वर्षाची अजून हरखलेली असतात, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या विवंचनेत. 'इथे कसं आहे?' असं विचारू नकोस, 'मस्त' हेच उत्तर मिळेल. विचार, 'शेवटचं अडलं तेव्हा कुणाकडे गेलात?' आणि उत्तराआधी किती वेळ गप्प राहतात ते बघ.

दुसरं गाव राहिलंय. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने जाऊ. मी स्टेशनच्या बाकावर पुस्तक घेऊन बसेन, तू एकटी फिरून ये. संध्याकाळी परतलीस की मी काही विचारणार नाही. प्रयत्न करेन.

— काका