न बोलावता कशाला जायचं?

प्रिय रूथ,

तुझ्या मैत्रिणीचे बाबा गेले त्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्या दारात गेले. परतताना तू विचारलंस, "आई, त्यांनी बोलावलं नव्हतं, मग कशाला गेलीस? आणि प्रार्थना करून तिचे बाबा परत येणार आहेत का?" मनाला लागलं ते.

आमच्याकडे लग्नाला आमंत्रण लागायचं, दुःखाला नाही. चर्चच्या मंडळीत कुणावर काही ओढवलं की आजी पदर खोचून निघायची आणि मलाही न्यायची. दारात "सलाम" म्हणून थेट स्वयंपाकघरात. चहापूड शोधायची, माठ भरायची, खरकटी भांडी घासून पालथी घालायची. मग कुठे त्या घरच्या बाईजवळ टेकायची. पाळकसाहेब बायबलमधलं वचन वाचून, प्रार्थना करून जायचे. आजी दिवेलागणीपर्यंत तिथेच. पोरांना खेळवायचं काम माझ्याकडे. फार कंटाळा यायचा मला.

आजी पंडिता रमाबाईंचं नेहमी सांगायची. त्यांचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं त्यांचं 'मुक्ती' हे निराधार बायकामुलींचं घर वाढलं ते त्या मुलींमुळे. "त्यांना कुणी चिठ्ठी पाठवली होती?" आजी म्हणायची.

पण तुझंही अगदीच चूक नाही गं. तान्हं बाळ गेलेल्या एका बाईला थोरली आत्या म्हणाली होती, "देवाला तुझं फूल आवडलं." ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली, ती आम्ही निघेपर्यंत वळली नाही. बायबलमधल्या ईयोबावर दुःखं कोसळली, तेव्हा त्याचे मित्रसुद्धा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवरच त्याच्या कामाचे होते. तोंड उघडलं आणि त्याला छळायला लागले. म्हणून मी फार बोलत नाही.

आणि प्रार्थनेचं म्हणशील, तर तिच्या आईला त्या रात्री थोडी झोप लागू दे, एवढंच मी मागितलं.

शनिवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी आधी फोन करेन, इथली ती रीत मलाही पटते. तू यायलाच हवं असं नाही. आलीस तर तिच्या धाकट्या भावाला जरा बाहेर खेळायला ने. मोठ्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाहीये.

तुझी आई