संग्रहासाठी चौथा फोल्डिंग चाकू घेताय, डी२ घ्यावा की १४सी२८एन?

तुमचा प्रश्न वाचला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून झालं होतं. तुमच्याकडे तीन आहेत, एक लाल स्विस आर्मी, एक लायनर लॉक (मुठीतली पत्र्याची पट्टी सरकून पात्यामागे अडकते तो), एक बॅक लॉक (मुठीच्या पाठीवरचा खटका दाबून मिटतो तो), राहायला रोह्याला, बजेट पाच हजार, आणि आता चौथा ‘जरा चांगल्या स्टीलचा’ घ्यायचाय, डी२ की १४सी२८एन (ही पात्याच्या स्टीलची नावं) एवढंच ठरत नाहीये. बाकी सगळं ठीक होतं हो, पण ते ‘चांगल्या स्टीलचा’ वाचलं आणि मला आमचा मेहुणा आठवला, आणि तो एकदा आठवला की रात्री जेवण जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर देऊन टाकतो. स्टील सोडा. ज्या पद्धतीने उघडणारा आणि अडकणारा चाकू तुमच्याकडे नाही तो घ्या. लायनर लॉक आहे ना, मग केवळ पात्याचं स्टील वेगळं म्हणून दुसरा लायनर लॉक घेतला तर त्याला कलेक्शन नाही म्हणत, स्टॉक म्हणतात. स्टॉक माझ्याकडे दुकानात भरपूर आहे.

मी चिपळूणचा. बाजारपेठेत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, वर घर. चाकूंची पेटी खाली दुकानात असायची कारण बायकोचं म्हणणं की घरात एवढी पाती नकोत, भांडणं होतात. (भांडणं तशीही होतात.) पेटी हौसेने सुताराकडून सागाची करून घेतलेली, आत फोम, फोमात प्रत्येक चाकूच्या मापाची खाच कापलेली, एकूण तेरा. चौदावा खिशात, तो पेटीत कधी गेलाच नाही.

२२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरायला लागलं. आम्ही २००५ चा पूर पाहिलेला, त्यामुळे डोक्यात माप तेच. त्या मापाने वायरची बंडलं, एमसीबीचे खोके, पंखे, जे हाताला लागेल ते जिन्याने वर, मुलगा आणि मी, गुडघाभर पाण्यात, टॉर्च दातात धरून. पेटी मी स्वतःच्या हाताने काउंटरमागच्या वरच्या फळीवर ठेवली, कारण २००५ ला त्या फळीपर्यंत पाणी आलं नव्हतं. या वेळी फळीच्याही वर गेलं. वरच्या मजल्यावरून जिन्यात बघत होतो, एकेक पायरी जात होती, आणि खोटं कशाला बोलू, चाकूंची आठवणसुद्धा आली नाही. त्या दिवशी खिशातल्या स्विसने एक ताडपत्रीची दोरी कापली आणि दुधाची पिशवी फोडली, एवढंच त्याचं शौर्य.

पाणी उतरल्यावर जो गाळ राहतो तो ज्याने काढलाय त्यालाच माहीत. दुकान, मीटर, गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले मिक्सर, हे सगळं आधी. पेटीकडे लक्ष गेलं सहाव्या दिवशी. झाकण फुगून बसलेलं, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर आतून असा वास आला की मुलगा बाहेर पळाला. फोमने पाणी धरून ठेवलं होतं, ओल्या स्पंजात सहा दिवस चाकू. म्हणजे मी जी खास सोय केली होती तिनेच घात केला. नुसते पत्र्याच्या डब्यात टाकले असते तर बरं झालं असतं.

मग ओसरीवर वर्तमानपत्र पसरून एकेक काढायला घेतला. हा भाग नीट वाचा, कारण तुमचं खरं उत्तर इथेच आहे.

पहिला हातात आला हिगोनोकामी. जपानमधल्या मिकी गावचा चाकू, पितळेचा एकच पत्रा वाकवून मूठ, एक रिव्हेट, कार्बन स्टीलचं (म्हणजे स्टेनलेस नसलेलं, गंजणारं) पातं, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी शेपटी. ना स्प्रिंग, ना लॉक. लालभडक गंजला होता. पण त्याच्यात लपायला जागाच नाही! नळाखाली धरला, जुन्या टूथब्रशने घासला, रॉकेलमध्ये बुडवला, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पुसला, दहा मिनिटांत चालू. पात्यावर डाग राहिले, ते राहू देत.

मग ओपिनेल नंबर ८, कार्बनवाला, मित्राने फ्रान्सहून आणलेला. बीचचं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, पातं मुठीत घट्ट. फ्रान्समधल्या सावोयच्या लोकांची यावर एक युक्ती आहे, बंद चाकूचं बूड टेबलावर ठोकायचं की पातं जरासं वर येतं. आमच्याकडे पावसाळ्यात मी ते नेहमी करतो, या वेळी जोत्याच्या दगडावर ठोकठोक ठोकला, ढिम्म. मग सावलीत तीन आठवडे वाळू दिला. उन्हात ठेवायचा नाही, लाकूड तडकतं. गणपतीच्या आधी एक दिवस सहज ठोकला आणि टक् करून पातं वर. लॉकची ती फिरणारी रिंग, विरोब्लॉक म्हणतात, १९५५ पासून आहे ती, तीसुद्धा थोडं खोबरेल सोडल्यावर फिरली. रिंगच्या खाली पात्याला खड्डे पडलेत, पण आजही मी आंबा त्यानेच कापतो.

अॅलॉक्सचा (अॅल्युमिनियमच्या मुठीचा) छोटा स्विस, कॅडेट, ८४ मिलिमीटरवाला, त्याचं काय सांगायचं. गरम पाण्यात साबण घालून उघड-बंद, उघड-बंद, सांध्यात तेलाचा थेंब, विषय संपला. एक ठिपका नाही. आणि हे स्टील म्हणजे मेहुण्याच्या भाषेत ‘किचनचं मऊ स्टील’.

आता बेअरिंगवाला लायनर लॉक. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांची काही चूक नाही, पुरात ठेवा असं त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. टॉर्क्सच्या (चांदणीच्या आकाराच्या) बिटने स्क्रू काढले, वरची पट्टी उचलली आणि मोहरीपेक्षा बारीक छर्रे टपटप वर्तमानपत्रावर. निम्मे गंजून एकमेकांना चिकटलेले, निम्मे घरंगळत गाळात. मी आणि मुलगा ओणवे होऊन चिमट्याने छर्रे वेचतोय आणि बायको दारात उभी, दुकानात लाखोंचं नुकसान आणि हे दोघे मोहरी निवडतायत. ती एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. त्याच्याच शेजारी दुसरा एक साध्या फॉस्फर ब्राँझच्या वॉशरचा होता, तो उघडला, पुसला, परत बसवला, झालं.

बॅक लॉकची गोष्ट वेगळी. बाहेरून सुंदर, पितळ, काळं लाकूड, पण स्प्रिंग आत, सगळं पिनांनी ठोकलेलं, उघडता येत नाही. गाळ आत गेला तो गेला. आजही उघडताना कर्रकर्र आवाज येतो, दाताखाली खडा आल्यासारखा. आणि एक रामपुरी होता, रामपूरहूनच आणलेला, त्याच्या खटक्याची स्प्रिंग गंजून मोडली, आता तो नुसता उघडतो, अडकत नाही. शोभेला आहे.

तर हे सगळं चालू असताना पुण्याहून मेहुण्याचा फोन. त्याच्याकडे सहाच चाकू, सगळे पावडर स्टीलचे (धातूची भुकटी दाबून केलेलं स्टील), एसी रूममध्ये, ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. एम३९०, एस३५व्हीएन ही स्टीलची नावं तो भाचरांची नावं घ्यावीत तशी घेतो. घरच्यांची चौकशी केली, दुकानाचं विचारलं, पैसे पाठवू का म्हणाला, माणूस म्हणून सोन्यासारखा आहे हे सांगायलाच पाहिजे. आणि मग म्हणाला, “भावजी, मी सांगत होतो ना, कार्बन स्टील कोकणात चालत नाही. तुम्ही ऐकत नाही. स्टील म्हणजे सगळं.”

त्या वेळी माझ्या समोर वर्तमानपत्रावर कोणता चाकू होता सांगू? त्यानेच मला भेट दिलेला डी२ चा. देताना त्याने ‘चाकू फुकट देत नाहीत, भांडण होतं’ म्हणून माझ्याकडून एक रुपया घेतला होता. (भांडण व्हायचं ते झालंच.) त्याच्या पात्याच्या डाव्या बाजूला, जी फोमला टेकून होती, तिथे देवीचे व्रण असतात तसे खड्डे. डी२ मध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम असतं म्हणून लोकांना वाटतं गंजणार नाही, पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास, त्यातलं बरंचसं क्रोमियम त्या कार्बनला धरून बसतं, गंज अडवायला मोकळं कमी राहतं. धार खूप टिकते, मान्य. पण धार गेली की साध्या कुरुंदाच्या दगडावर लावून बघा, संध्याकाळ जाते. कार्बनच्या ओपिनेलला मी चहाला आधण ठेवून धार लावतो.

मी फोनवर काही बोललो नाही. पूर आलेल्या माणसाला कोणी उलट बोलत नाही तसं पूर आलेल्या माणसानेही पैसे पाठवू का विचारणाऱ्याला उलट बोलू नये. पण ते मनात राहिलं ते राहिलंच.

त्यामुळे तुम्ही ‘डी२ की १४सी२८एन’ विचारलंत तेव्हा माझं म्हणणं हे की प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरलाय. चाकू मरतो तो सांध्यात मरतो, पात्यात नाही. पात्याला घासता येतं. सांधा उघडता येतो का, धुता येतो का, आत छर्रे आहेत की वॉशर, स्प्रिंग कुठे बसलीय, हे बघा. तुमच्याकडे पिनांचे दोन (स्विस आणि बॅक लॉक) आणि एक लायनर लॉक आहे, म्हणजे रिंगवाला नाही आणि बिनलॉकचा शेपटीवाला नाही. ओपिनेल नंबर ८ घ्या, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, हाताला एकदम बरोबर, नाहीतर हिगोनोकामी घ्या. हिगोनोकामीला लॉक नाही, अंगठा शेपटीवर ठेवूनच कापायचं, टोकाने भोसकाभोसकी करायला जाल तर पातं बोटावर मिटेल. पाच हजारांत दोन्ही येतील का हे आजचे भाव बघून ठरवा.

आणि पेटी करणार असाल तर फोम नको. सुती कापडाच्या पट्टीत गुंडाळून ठेवा, महिन्यातून एकदा बाहेर काढा. चामड्याच्या म्यानात तर पावसाळ्यात अजिबात ठेवू नका, ते फोमचा थोरला भाऊ.

आता काही गोष्टी राहिल्या. एक, वर स्टील सोडा म्हटलं ते रागात म्हटलं. डी२ आणि १४सी२८एन मध्येच निवडायचं असेल तर रोह्याच्या हवेत १४सी२८एन, डोळे मिटून. ओपिनेलसुद्धा दोन प्रकारात येतो, तुम्ही स्टेनलेसवाला घ्या, त्याचं १२सी२७ हे त्याच घराण्यातलं आहे. कार्बन घेतलात तर कैरी कापू नका, फोडी काळ्या पडतात आणि घरात ऐकून घ्यावं लागतं, विळीचंही तेच होतं पण विळीला कोणी बोलत नाही.

दुसरं, कायदा. मी वकील नाही, पण शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं आलं की प्रकरण वेगळं होतं, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. तुमचे फोल्डिंग त्याच्या कितीतरी आत आहेत. तरीपण निवडणूक, सणवार, पोलिसांचा मनाई आदेश असेल तेव्हा खिशात घेऊन बाजारात फिरू नका, आणि खटक्याचा तर कधीच नको. विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेलात तर तिथेच सोडून यावं लागेल, माझा एक गेलाय.

मेहुणा ही साइट वाचतो की नाही मला माहीत नाही. दर खंडेनवमीला मी सगळे चाकू पाटावर मांडतो, दुकानातले पक्कड, टेस्टर, ड्रिल मशीन पण त्यातच, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि बायको व्हिडिओ कॉल लावते. पुराच्या वर्षीही मांडले, कर्रकर्र वाजणारा, मोडक्या खटक्याचा, सगळे. मेहुणा म्हणाला, “भावजी, माझा दिसत नाही?” मी झेंडू थोडा बाजूला करून दाखवला, उजवी बाजू वर. म्हणाला, “बघा, एक डाग नाही. स्टील आहे स्टील.” मी म्हटलं, हो रे बाबा.