प्रत्येक ओळीवर कॉमेंट लिहूनही कोड कळत नाही? माझा अनुभव
तुमचा वाचनालयाच्या दंडाचा प्रोग्रॅम वाचला. 'दिवसांतून ७ वजा केले', 'उरलेल्याला २ ने गुणलं' अशा ओळीओळीला कॉमेंट (म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्यासाठी लिहिलेली, संगणक सोडून देतो ती टीप), आणि महिन्याभराने तुमचं तुम्हालाच काही उमगेना. माझी पहिली नोकरी आठवली.

तिथे पायथन भाषेत लिहिलेल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये कराची रक्कम पूर्ण रुपयात आणायची होती. मी रकमेत ०.५ मिळवून पैसे छाटले आणि वर लिहिलं, 'रक्कम पूर्णांकात आणली'. आठ महिन्यांनी ती ओळ मलाच ओबडधोबड वाटली. ती काढून मी तयार राउंड फंक्शन बसवलं. पायथन ३ मधलं राउंड बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येवर नेतं. ९१.५० चे ९२ होतात, पण ९०.५० चे ९०. मी तपासलं होतं नेमकं ९१.५० वर. महिनाअखेरीस हिशेब जुळेना. काही बिलांत रुपया कमी, बाकीची बरोबर. अकाउंटच्या ताई आणि मी दोन रात्री एकेक बिल पडताळत बसलो. नियम मुळात कुठला, हे ऑफिसात कुणी धड सांगेना. ज्यांनी मला सांगितला होता ते केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

त्या ओळीवर एवढंच हवं होतं: '५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, सीजीएसटी कायदा कलम १७०. इथे राउंड वापरू नये.'

तुमच्या कोडमध्ये ७ वजा होतात हे दिसतंच आहे. ७ च का, सुट्ट्या त्यात धरल्या का, नियम कुणी ठरवला, हे लिहा. नियम बदलून १० दिवस झाले तर कॉमेंटही तेव्हाच बदला. कोडशी न जुळणारी कॉमेंट असण्यापेक्षा नसलेली बरी, असं पायथनच्या पेप ८ मध्येही, म्हणजे कोड कसा लिहावा याच्या मार्गदर्शिकेतही, म्हटलंय. आणि जुना कोड कॉमेंटमध्ये बदलून साठवू नका, गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) तो असतोच.

मी बिलिंगमधली, सगळीकडे हेच चालेल असं नाही. दुसऱ्यांनी वापरायचं फंक्शन असेल, तर ते काय घेतं आणि काय परत देतं हे लिहावंच लागतं. सर ओळीओळीला कॉमेंट मागत असतील, तर मार्कांपुरत्या तशा द्या, पण स्वतःच्या प्रतीत ठेवू नका. इंग्रजीत अडत असाल तर मराठीत लिहा. पायथन ३ ला देवनागरी कॉमेंट चालतात.

७ दिवसांचं कारण आधी ग्रंथपालांना विचारून घ्या, मग ती ओळ इथे टाका, मी बघते.