त्या ‘पण’बद्दल

प्रिय पोरी,

कुणीतरी हसत ‘तू स्त्रीवादी आहेस की काय गं?’ विचारलं आणि तू ‘तशी नाही, पण...’ म्हणून सुटलीस. तो ‘पण’ रात्रभर टोचला म्हणतेस. मी तो स्टाफरूममध्ये चांगली वीस वर्षं वापरलाय.

लोकांना शब्दाचा अर्थ कळत नाही म्हणून ते बिचकतात, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. अर्थ बरोब्बर कळतो, म्हणूनच बिचकतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाएवढा झाला, तरी हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात बहिणीलाच. वाटा मागितला की ‘हिनं माहेर तोडलं!’ मी सही केली होती. इरकल मिळाली, हिरवी.

‘हे पाश्चात्त्य खूळ’ म्हणणाऱ्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे सांग. त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ चं. टीका झाली, तेव्हा जोतिराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. तेव्हा ‘स्त्रीवादी’ हा शब्दसुद्धा नव्हता, बोल मात्र लागलाच. म्हणून नुसता शब्द गिळून काही वाचत नाही. विचारलं तर सरळ ‘हो’ म्हण, आणि लगेच मुद्द्यावर ये : मजुरी, वाटा, घर कुणाच्या नावावर. व्याख्येच्या वादात अडकू नकोस, तिथं चहा संपतो आणि हाती काही लागत नाही.

आणि एकटीनं भिडू नकोस. सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत पाहिलीयस ना? विडी कामगार बायकांची १०,००० घरं, २००६ साली ताबा मिळाला. त्याआधी वर्षानुवर्षं मोर्चे. सोलापुरात पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या आजींना मी एकदा विचारलं, तुम्ही स्त्रीवादी का? मांडीवरचं सूप न हलवता म्हणाल्या, ‘ते काय असतंय मला म्हाईत नाही बाई. हजार विड्या वळून नेते, कारखान्यातला माणूस त्यातल्या काही छाट, म्हणजे खराब, म्हणून काढून टाकतो. का टाकलं, ते विचारायला आम्ही दहाजणी जातो.’ दहाजणींना कुणी ‘भांडखोर’ म्हणायला धजत नाही. एकीला लगेच म्हणतात.

तुझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या तोच ‘पण’ बोलत असतील. आधी त्यांच्याशी बोल, हसणाऱ्या पोरांचं नंतर बघू.

भावाचं लग्न ठरलंय म्हणालीस. घरात कागद निघेल. सही करण्याआधी मला फोन कर, रात्री अकरा वाजले तरी.

तुझी,
बाई